वीतभरावरचा माणूस

भिंगवाल्यांच्या दुकानात माणसाला नाव नसायचं, नंबर असायचा. नाव होतं ते चष्म्याच्या डबीवर चिकटवण्यापुरतं. पोस्टमन म्हणजे 'दीड', समोरचा शिंपी म्हणजे 'सव्वादोन', शाळेतले चित्रकलेचे मास्तर म्हणजे 'पावणेचार'. संध्याकाळी जेवायला बसल्यावर भिंगवाले बायकोला सांगत, की पावणेचारांची बदली झाली आणि दीडला मुलगी झाली, आणि त्या माउलीला सगळं नीट कळायचं. बाहेरचं कोणी ऐकत असतं तर त्याला प्रश्न पडला असता, की या घरात गप्पा चालल्यात की गणित.

याच घरात बाई वाढल्या. पुढे सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणायला लागली, म्हणून आपणही बाईच म्हणू. तेव्हा मात्र त्या दोन वेण्या घालून काच घासायच्या चाकाजवळ बसणारी, बापाच्या मागे लागून त्याला भंडावून सोडणारी पोर होत्या. त्यांची नजर अशी, की पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सदऱ्याची बटणं इथून मोजावीत. भिंगवाले म्हणत, "आमच्या घरात एक शून्य निघालं." हे कौतुक होतं बरं का. चष्म्याच्या धंद्यात ज्याला काही द्यावं लागत नाही तो शून्य, आणि त्या घरात शून्याहून मोठा मान नव्हता. हे जरा लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोटाळा या शून्यापायीच झाला.

दुकानाची सगळी अक्कल एका काठीत होती. शिसवी, मीटरभर लांब, एका टोकाला पितळेची टोपी. भिंगवाल्यांनी स्वतः तिच्यावर खाचा पाडून आकडे घातले होते. कोणाला लांबचं दिसत नसेल तर त्याला स्टुलावर बसवायचं, पितळी टोक त्याच्या गालाच्या हाडाला टेकवायचं आणि बारीक अक्षरांचं कार्ड काठीवरून लांबून जवळ सरकवत आणायचं. अक्षरं जिथे पहिल्यांदा स्वच्छ दिसली, तिथला आकडा म्हणजे त्याचा नंबर. जवळचं न दिसणाऱ्याच्या चष्म्याची काच तपासायची असेल तर टोक भिंतीला लावायचं आणि काच काठीवरून पुढेमागे करायची. समोरच्या खिडकीचं चिमुकलं उलटं चित्र, गजांसकट, भिंतीवर रेखीव उमटलं की आकडा वाचायचा. डोळा असो की काच, काठी तीच.

पण काठीवरचे आकडे पट्टीसारखे सारख्या अंतरावर नव्हते. एक पार लांबच्या टोकाला. दोन बरोबर अर्ध्यावर. तीन त्याच्या बराच अलीकडे, मग चार, मग पाच, आणि पितळी टोकाकडे येता येता आकड्यांची अशी दाटी झालेली, की एक आणि दोनच्या मध्ये मोठ्या माणसाचा कोपरापासूनचा हात मावावा आणि नऊ आणि दहाच्या मध्ये बोटही धड मावू नये. पोरीला वाटलं, बाबांना आधी जागेचा अंदाज आला नाही आणि शेवटी सगळं कोंबून बसवावं लागलं. तिने तसं तोंडावर विचारलंही.

भिंगवाले हसले नाहीत. कामाच्या गोष्टीवर ते हसत नसत. त्यांनी काठीएवढा दोरा कापला, त्याची दोन पदरी घडी केली, मग तीन पदरी, मग चार, मग पाच, आणि प्रत्येक घडी काठीला लावून दाखवली. घडी बरोबर त्या त्या आकड्याशी येऊन थांबत होती.

"नंबर म्हणजे दोऱ्याचे किती तुकडे केले ते," ते म्हणाले. "अंतर म्हणजे त्यातला एक तुकडा. नंबर दुप्पट झाला की अंतर निम्मं. दोरा काही वाढत नाही."

त्या दिवसापासून पोरीला तो दोरा जिथे तिथे दिसायला लागला. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की वाट अरुंद होते आणि धार जोरात जाते. झाडायला चौघी असल्या की वर्ग पटकन उरकतो, एकटीच असली की मधली सुट्टी जाते. सी-सॉच्या फळीवर जाडी मैत्रीण मधल्या खुंटीकडे सरकून बसली तरच टोकावरची किडकिडीत तिला उचलू शकते. एक वाढलं की दुसरं मुकाट्याने घटतं, आणि दोघांचा गुणाकार आहे तिथेच. सगळं जग बाबांच्या एका दोऱ्यावर चाललंय असा तिचा समज झाला, आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकीचा नव्हता.

पोर मोठी झाली, हाताशी आली. एकदा भिंगवाले काचा आणायला परगावी गेले असताना दुकानात एक तरुण शिरला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, एक काच तडकलेली. चौकातल्या घड्याळाच्या दुकानात तो नुकताच कामाला लागला होता आणि स्वतःचा चष्मा स्टुलावर ठेवून स्वतःच त्याच्यावर बसला होता. हे सांगताना त्याला इतकी लाज वाटत होती, की त्याने ते भिंतीकडे बघून सांगितलं. अर्थात चष्म्याशिवाय त्याला भिंत काय आणि माणूस काय, सारखंच.

बाईंनी त्याला बसवलं, पितळी टोक गालाला टेकवलं आणि कार्ड सरकवायला घेतलं. एक गेला, दोन गेला. दिसतंय का? नाही. तीन. नाही. चार. अजून नाही. पाचावर कार्ड आलं तेव्हा तो म्हणाला, "आता." पाच, म्हणजे त्या मीटरभर दोऱ्याचा पाचवा हिस्सा. बाईंची एक वीत. एवढ्या जवळ कार्ड धरायला त्यांना चांगलंच वाकावं लागलं होतं. त्याने अक्षरं वाचून दाखवली आणि मग त्याची नजर कार्डावरून वर गेली.

"तुमच्या भुवईवर काचेचा कण आहे," तो म्हणाला.

बाईंनी भुवई पुसली. सकाळपासून दुकानात इतकी माणसं येऊन गेली, धड डोळ्यांची, चष्म्याची, पण तो कण कोणाला दिसला नव्हता. दिवसभर त्यांना त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं.

मग त्या तरुणाच्या चष्म्याचे स्क्रू सारखे ढिले व्हायला लागले. कधी डावा, कधी उजवा. तो यायचा, बाई आवळून द्यायच्या. भिंगवाल्यांनी काही दिवस ते बघून घेतलं आणि एकदा जेवताना बायकोला म्हणाले, की हा पाच रोज स्क्रू आवळायला आपल्याकडे का येतो ते मला समजत नाही, याच्या खणात माझ्यापेक्षा बारीक स्क्रूड्रायव्हर आहेत. बायकोने लेकीकडे बघितलं. लेक ताटात बघत होती.

तो मितभाषी होता, पण आपल्या कामावर आला की बोलायचा. त्याने बाईंना घड्याळ उघडून दाखवलं. चाकात चाक अडकलेलं. मोठं चाक सावकाश एक फेरा घालतं तेवढ्यात लहान चाक भराभर किती तरी फेरे घालून मोकळं होतं. तो म्हणाला, "आमच्याकडेही तुमचा तो दोरा आहे. दात निम्मे, तर फेरे दुप्पट." प्रेमाची भाषा म्हणून हे वाक्य फारसं कोणी वापरलं नसेल, पण बाईंना ते पुरलं. भिंगवाल्यांनी होकार देताना एवढंच सांगितलं, की पाच चांगला आहे, त्याचा नंबर स्थिर आहे. त्यांच्या आयुष्यातला हा एकच अंदाज चुकला.

भिंगवाल्यांच्या मागे दुकान बाईंकडे आलं आणि घड्याळजींनी चौकातली नोकरी सोडून आपलं टेबल तिथेच मांडलं. खोली अरुंद, खिडकीकडे त्यांचं टेबल, आत बाईंचं चाक, मध्ये गिऱ्हाइकाने आडवं होऊन उभं राहावं एवढी जागा. बाकीचे घड्याळजी डोळ्यात काळं भिंग खोचून काम करतात. यांना त्याची गरजच नव्हती. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि नाक घड्याळाला टेकेल इतकं वाकायचं. दुसऱ्याला केस दिसावा तिथे यांना दोरखंड दिसायचा. लग्नात कोणीतरी कौतुकाने दिलेलं एक काळं भिंग त्यांच्या खणात तसंच कोरं पडून होतं. लांबचं काही दिसत नसे, पण त्याच्या बदल्यात जवळचं असं मिळालं होतं, की तो माणूस कधी कुरकुरला नाही.

आणि बाईंचं चाक. काचेची कड घासताना पाण्याचा थेंब उडतो, त्याबरोबर कधी काचेचा कण. कितीही जपलं तरी महिन्यात एखादा डोळ्यात जायचाच. मग बाई हात वर धरून एवढंच म्हणायच्या, "अहो, गेलं." घड्याळजी चिमटा खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सारायचे, दोन बोटांनी बाईंची हनुवटी उचलायचे आणि वीतभर अंतरावर येऊन थांबायचे. वर बघ. आता नाकाकडे बघ. हलू नको. रुमालाचं टोक पिळून सुईसारखं केलेलं असायचं, ते हलकेच टेकायचं आणि कण बाहेर. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही टोचलं नाही. एकदा दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं, बोलणं बंद, जेवणं मुक्याने. तेवढ्यात चाकाने दावा साधला. बाईंना 'अहो, गेलं' म्हणावंच लागलं आणि ते आलेच. वीतभरावर आलेल्या माणसावर राग धरायचा तर धरायचा कसा, हे बाईंना तेव्हाही जमलं नाही आणि पुढेही कधी जमलं नाही.

चष्म्याशिवाय घड्याळजींना सगळं जग धुरकट होतं. पोटची लेकसुद्धा त्यांनी आधी काचेतूनच पाहिली; बाईंची नजर कडक, लहान बाळाला कोणी तोंडाजवळ धरलेलं त्यांना खपत नसे. उघड्या डोळ्यांनी, मध्ये काही न घेता, त्यांनी आयुष्यभर नीट पाहिलं ते घड्याळांच्या पोटातलं आणि बायकोचा चेहरा. हे बाईंना ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट माणूस विसरतं कसं, ते पुढे बघा.

नंबर वाढत गेला. पाचाचा सहा, सहाचा साडेसात. दर वेळी जाड काच बाईच घासायच्या, बाईच बसवायच्या, आणि दर वेळी त्यांच्या जिवाला लागायचं. गावभरच्या लोकांना दृष्टी वाटत बसलो आणि घरच्या माणसाचे डोळे दिवसेंदिवस बाटलीच्या बुडामागे चाललेत, असं त्यांना व्हायचं. लेक शिकून दुसऱ्या गावी गेली, तिचाही साडेतीन. दुकानात डोळे तपासायचं मशीन आलं. हनुवटी टेकवा, चित्रातल्या घराकडे बघा, की कागदावर नंबर छापून बाहेर. काठी खिळ्याला टांगली गेली. मनगटावरची किल्ली द्यायची घड्याळं कमी झाली, टेबलावर गर्दी उरली नाही. तरी घड्याळजी रोज वेळेवर खिडकीपाशी बसायचे, आणि त्या दोघांची ती अरुंद खोली दिवसभर आपली टिकटिकत, घरघरत राहायची.

मग मोतीबिंदू आला. दोन्ही डोळ्यांत. त्याने नंबर असा पळवला, की बाईंनी मशीनवर विश्वास न ठेवता पुन्हा तपासलं. दहा. पाचाचा दहा. नंबर दुप्पट, अंतर निम्मं. बाबांचा दोरा इथेही चुकला नाही. जिथे वीत होती तिथे अर्धी वीत उरली, आणि त्या अर्ध्या वितीतही धुकं. घड्याळजींचं नाक आता खरोखरच घड्याळाला टेकायचं. बाईंच्या डोळ्यातला कण काढताना त्यांचे श्वास गालावर यायचे, आणि कण सापडायला वेळ लागायचा.

डोळ्यांचे डॉक्टर दुकानाचे जुने गिऱ्हाईक, 'पाऊण'. भला माणूस. त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. गढूळ झालेलं भिंग काढायचं आणि नवं बसवायचं, एका वेळी एक डोळा. आणि नवं भिंग कुठल्या नंबराचं, ते आपल्या हातात असतं. लांबचं स्वच्छ दिसेल असं ठेवलं तर जवळच्याला चष्मा लागेल. जवळचं ठेवलं तर लांबच्याला लागेल. "तुम्हाला काय सोयीचं?" त्यांनी घड्याळजींना विचारलं.

घड्याळजींनी घसा खाकरला. बोलायच्या आधी त्यांना थोडी तयारी लागायची. तेवढ्यात बाई बोलून गेल्या.

"लांबचं. शून्य करा."

डॉक्टरांनी पुन्हा घड्याळजींकडे पाहिलं. ते हसले आणि म्हणाले, की हा विषय हिच्या खात्यातला आहे. आणि शून्य ठरलं. बाईंना त्या दिवशी आनंदाने जेवण गेलं नाही. ज्या घरात शून्य म्हणजे पहिला नंबर, त्या घरच्या लेकीला नवऱ्याचं शून्य मिळणार होतं. तिने वेगळं काही म्हणावं तरी कसं? आयुष्यभर जाड जाड काचा घासल्या त्याचं सार्थक झालं, असं बाई आपल्या मुलीला फोनवर म्हणाल्या.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली आणि बाईंनी नवऱ्याला गच्चीवर नेलं. ते वाचा. घड्याळजींनी रस्त्याच्या टोकाची पाटी वाचली. ती टाकी दिसते? दिसते, तिच्यावर शिडी आहे, शिडीची एक पायरी निखळलीय. तारेवर काय आहे? पक्षी आहे, मान खाजवतोय. बाई एकेक दाखवत होत्या आणि जणू सगळं स्वतः मांडून ठेवलं असावं अशा तोऱ्यात उभ्या होत्या. लेकीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझे बाबा आता शून्य झाले," आणि तिघंही हसले. घड्याळजीही हसले. त्यांना खरंच मजा वाटत होती, त्यात काही खोटं नव्हतं.

खाली टेबलाशी मात्र ते गप्प बसायला लागले. डोळ्याला काही दाबून लावायचं नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणजे ते काळं भिंगही बंद. जवळचा चष्मा महिनाभराने, डोळा स्थिर झाल्यावर. हातात घड्याळ घेऊन ते डोळ्यापासून लांब धरायचे, अजून लांब धरायचे, आणि मग पुसून खाली ठेवायचे. चहाचा कप उचलतानाही मान मागे घ्यायचे. बाईंनी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, होईल सवय. माणूस बोलला नाही की सगळं ठीक आहे असं समजायची आपल्याला खोडच असते.

भिंगं घासायलाही आता मशीन आलं होतं, पण त्या मशीनला काच चालत नाही, प्लास्टिकच लागतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला मात्र काचेचीच भिंगं हवी होती, म्हणून बाईंनी जुनं चाक चालू केलं. थेंब उडाला.

"अहो, गेलं."

ते उठले. हात सवयीने चष्मा वर सारायला कपाळाकडे गेला आणि रिकामाच खाली आला. हनुवटी उचलली. वीतभरावर आले आणि थांबले. बाई एका डोळ्याने बघत होत्या. घड्याळजींची मान थोडी मागे गेली. अजून मागे. मग पाऊलच मागे पडलं. हात ताठ झाला, रुमालाचं टोक हवेतच राहिलं. मग नवा डोळा मिटून ते दुसऱ्या डोळ्याने जवळ आले. त्यात धुकं. पुन्हा मागे गेले.

"दिसत नाही गं," ते म्हणाले. "जिथून दिसतं तिथून हात पोचत नाही."

बाई उठून नळाशी गेल्या आणि ओंजळीने डोळ्यावर पाणी मारत राहिल्या. कण कधीच निघून गेला होता, तरी त्या मारतच राहिल्या. बाबांनी दोऱ्याच्या घड्या घालून दाखवल्या होत्या, आणि सगळ्या जगाच्या डोळ्यांना तो दोरा लावणाऱ्या आपण, घरच्या माणसाला विचारलंसुद्धा नाही, की तुझा तुकडा कुठला. त्याला लांबचं सगळं दिलं आणि त्याच्या वीतभरातून स्वतःच्या हाताने स्वतःलाच उचलून बाहेर ठेवलं. चूक झाली, आणि मोठी झाली.

तोंड पुसून त्या परत आल्या आणि नवऱ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. त्या दिवशी डॉक्टरांना काय सांगणार होतात, असं त्यांनी सरळ विचारलं.

"जवळचं," घड्याळजी म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतकी वर्षं त्या शून्यासाठी काचा घासल्यास. तुझ्या तोंडचा घास कसा काढू?"

बाई म्हणाल्या, की घड्याळांचं एवढं होतं तर निदान त्यांच्यासाठी तरी बोलायचं. घड्याळजींनी खण उघडून ते कोरं काळं भिंग टेबलावर ठेवलं. "घड्याळांना हे आहे की," ते म्हणाले. "महिन्याने लावता येईल. घड्याळांसाठी नव्हतं म्हणत मी." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. आता त्यांना तिथलं सगळं दिसत होतं.

बाईंनी खिळ्यावरची काठी उतरवली, पदराने पुसली आणि पितळी टोक त्यांच्या गालाच्या हाडाला टेकवलं. कार्ड काही सापडेना, म्हणून तळहातच काठीवर आडवा धरला. त्यांनी सांगितलं, की दिसतं का ते विचारत नाही, कुठे हवं ते तुम्ही सांगायचं. हात सरकत निघाला. एक गेला, दोन गेला, तीन, चार. पाचावर घड्याळजींनी त्यांचं मनगट धरलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बाई काठीही घेऊन गेल्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती त्यांनी हातात घेऊन कौतुकाने पाहिली. मग म्हणाले, की एक डोळा लांबचा आणि एक जवळचा, असं करता येतं, मेंदू आपोआप वाटणी करून घेतो. पण दोघांत पाचाचं अंतर फार होईल, डोकं गरगरेल. तीनपर्यंत करू. त्याचीही काहींना सवय होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाईंनी वाद घातला नाही, कारण पाऊण बरोबर बोलत होते. फक्त काठीवर तीन कुठे येतो ते त्या बघत राहिल्या. दीड वीत, आणि वर थोडं. तेवढ्याने भागेल का, हे काठीवर लिहिलेलं नव्हतं. या खेपेला डॉक्टरांनी विचारल्यावर बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. घड्याळजींनी घसा खाकरला, सावकाश तयारी केली आणि म्हणाले, "तीन."

दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी बाईंनी त्यांना गच्चीवर नेलं नाही. काय दिसतं तेही विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटत होती. दुपारभर दोघं आपापल्या टेबलाशी बसले. घड्याळजी कधी रस्त्याकडे बघत, कधी तळहाताकडे. नवी वाटणी जुळवत होते बहुतेक. बाई त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची राहिलेली काच घासत होत्या. काच कधीचीच घासून झाली होती. त्यांनी चाक थांबवलं आणि टेबलावरचं पाणी पुसलं. मग हात वर धरला.

"अहो, गेलं."

घड्याळजी उठले. हात कपाळाकडे गेला आणि खाली आला. ही सवय काही आता जायची नव्हती. दोन बोटांनी हनुवटी उचलली. जुन्या जागेच्या जरा अलीकडेच ते थांबले, दीड वितीवर, आणि तिथून मान मागे गेली नाही. वर बघ, म्हणाले. बाईंनी वर बघितलं. नाकाकडे बघ. नाकाकडे बघितलं. मग ते नुसते बघत राहिले. किती तरी दिवसांनी मध्ये धुकं नव्हतं, आणि काच तर नव्हतीच. या चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या, हे ते पहिल्यांदाच बघत असावेत. बाईंना वाटलं, तोंड फिरवावं, पण हनुवटी त्यांच्या बोटांवर होती.

"डोळ्यात काही नाही गं," घड्याळजी म्हणाले. "भुवईवर कण आहे काचेचा."

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बघा अजून."